शाळेतल्या पालक, शिक्षक, विद्यार्थी सगळ्यांसाठी सोशल मीडियाचे नियम करायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

मुलांपासून तरी करू नका. आधी आपल्या मोठ्या माणसांना आवरा.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका शाळेत वर्गशिक्षिका होते. पाचवीच्या पालकांचा ग्रुप माझ्या नंबरवर. २०१८ च्या डिसेंबरात एका पालकांनी बिबट्याचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, "शाळेच्या मागे, आत्ता!" आमच्याकडे बिबट्या येतोच, त्यामुळे शंका कोण घेणार? मी वर्गात, फोन पर्समध्ये. अर्ध्या तासात गेटवर ही गर्दी. एक आजी नातवाच्या नावानं हाका मारत रडत होत्या. रेटारेटीत तिसरीतली मुलगी पडली, हनुवटीला चार टाके. व्हिडिओ भलत्याच गावचा आणि जुना निघाला.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफदेखत मला विचारलं, "ॲडमिन तुम्हीच ना?" लेखी खुलासा घेतला. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर आली होती. ती चालू करू द्या म्हणून मी दिवाळीआधीच विचारलं होतं. "पालकांना वाईट वाटेल," म्हणाले. आणि हे कधी, तर त्याच वर्षी १ जुलैला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच माणसं मारली होती, तीही अशाच फिरत्या मेसेजच्या दिवसांत!

दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन जबाबदार नसतो, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तेच सांगितलं. हा निकाल तुमच्या संस्थाचालकांना वाचायला द्या.

तेव्हा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. तक्रार असेल तर पालकांनी शाळेत येऊन बोलावं. मुलांचे फोटो, मार्क, फी बाकी यातलं काहीही ग्रुपवर नको. फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

एक मात्र आहे, ग्रुपवर पालकांचं लिहिणं बंद केलंत की ते स्वतःचा दुसरा काढतात, तिथे शाळेचा नियम चालत नाही. म्हणून अफवा आली की खरं-खोटं विचारायला ऑफिसचा एक नंबर द्या, आणि तो उचलायला माणूस बसवा. शिक्षिकेचा स्वतःचा नंबर यात कुठेही येऊ देऊ नका.