नवीन वॉर्डात जमवून घ्यायचं तर आधी हँडओव्हर सांभाळ

तू लिहिलंयस की लातूरला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून वाशीच्या एका खासगी हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डला लागलीस, कळव्याला मावशीकडे राहतेस. सिनियर सिस्टर नातेवाइकांसमोर ओरडतात, केरळच्या सिस्टर आपापसात मल्याळम बोलतात म्हणून एकटं पडल्यासारखं होतं, आणि सणाला ड्युटी नेमकी तुलाच लागते. सगळ्यांशी गोड कसं राहायचं, असं विचारलंयस.

मी ठाण्यात बरीच वर्षं स्टाफ नर्स होते, आता इन्चार्ज आहे. स्पष्टच सांगते, गोड राहण्याच्या मागे लागू नकोस. वॉर्डात नवीन मुलीची पारख होते ती तिच्या हँडओव्हरवरून, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती ती कशी घेते आणि देते यावरून.

हँडओव्हर काउंटरला बसून घेऊ नकोस, प्रत्येक बेडपाशी जा. सलाईनचा हात स्वतः बघ, सूज आहे का, सुई कधी टाकलीय. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, किती भरलीय, ऑक्सिजन किती लिटरवर, अ‍ॅलर्जी कशाची, उपाशी कोणाला ठेवायचंय, रिपोर्ट कोणाचा यायचाय. आणि देताना जे राहिलंय ते सगळ्यात आधी सांग. ‘सिस्टर, सहा नंबरचं अँटिबायोटिक फार्मसीतून आलं नाही म्हणून राहिलंय, इंडेंट टाकलाय’, म्हणजे मागणी लिहून पाठवलीय, असं तोंडावर सांगितलंस तर समोरची चिडेल आणि थोड्या वेळाने विसरेल. तेच तिला मध्यरात्री फाईल चाळताना सापडलं, तर तो राग महिनाभर पुरतो. मागच्या पाळीचं काही चुकलेलं दिसलं तरी पेशंटच्या नातेवाइकांसमोर त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. त्या सिस्टरला बाजूला घेऊन सांग. गंभीर असेल तर इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे चुकीच्या नोंदीचा फॉर्म, भर, आणि भरतेयस हे तिला आधी सांग.

वेळेचंही तसंच. तुला कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर अशा दोन गाड्या पकडायच्या असतात. एक चुकली की नाईट करून थकलेली सिस्टर तुझ्यासाठी खोळंबते, आणि तिच्या घरी मुलाचा शाळेचा डबा व्हायचा असतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी भरलं तर वॉर्डच्या फोनवर स्वतः बोल. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. ती तेव्हा सकाळची औषधं देत असते, मोबाईल कुठून बघणार?

आता ओरडण्याचं. त्यात दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखायला शिक. पोटॅशियम क्लोराईडचं अँप्युल तू तसंच सिरिंजमध्ये भरलंस आणि सिनियर किंचाळली, तर तिच्यावर रुसू नकोस. ते डायल्यूट न करता थेट शिरेत गेलं तर पेशंटचं हृदय बंद पडू शकतं. इन्सुलिन, हेपॅरिन, रक्ताची पिशवी हे दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय कधीच देऊ नकोस. रोज ‘सिस्टर, एकदा बघता का’ म्हणत गेलीस की त्याच सिनियर हळूहळू तुला आपणहून शिकवायला लागतात, हे मी कित्येक मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

पण गाव, भाषा, रंग यांवरून टोमणे मारणं हे शिकवणं नव्हे. तिथल्या तिथे उलट उत्तर देऊ नकोस. हँडओव्हर झाल्यावर चेंजिंग रूममध्ये शांतपणे सांग, ‘माझं चुकलं तर जरूर बोला, पण पेशंटसमोर नको.’ तरी चालूच राहिलं तर तारीख, वेळ आणि काय बोलल्या ते लिहून इन्चार्जला दे, मग मेट्रनला, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना. डॉक्टर असो, ब्रदर (पुरुष नर्स) असो की आणखी कोणी, नकोसा स्पर्श किंवा घाणेरडं बोलणं झालं तर ते समजुतीने मिटवायचं प्रकरण नाही. 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून 3 महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करायची असते.

रात्री आरएमओने, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, फोनवर ऑर्डर दिली की फोन चालू असतानाच लिही, औषध आणि डोस त्यांना परत वाचून दाखव, वेळ टाक आणि नंतर सही घे. मग सकाळच्या राउंडला ‘मी असं बोललोच नव्हतो’ हा वाद उरत नाही.

केरळच्या सिस्टर तुझ्याबद्दल बोलतात असं धरून चालू नकोस. घरापासून दूर आलेल्या, आपल्या भाषेत मन मोकळं करतात. मात्र पेशंटबद्दलचं बोलणं तुला कळेल अशा भाषेत व्हायला हवं, ते हक्काने माग. सणाच्या सुट्ट्यांचं गणित तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुटणारच नाही. ओणम आणि गणपती बहुतेक मागेपुढेच येतात. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, 5 सप्टेंबरला. त्यामुळे रोस्टर लागायच्या आधीच ठरवा, ओणमला तू उभी राहा, गणपतीला त्या, आणि नाताळची नाईट तू आपणहून माग. अदलाबदल नेहमी लेखी, दोघींच्या आणि इन्चार्जच्या सहीने. तोंडी ठरलेलं आयत्या वेळी कोणालाच आठवत नाही.

वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांना नावाने ओरडून हाक मारू नकोस. जड पेशंटची कूस बदलायची असेल तर मावशींना एकटं पाठवू नकोस, स्वतः दुसऱ्या बाजूने धर. त्यांची कंबर वाचते आणि तुझीही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. नवीन मुली सुई टोचली तरी ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात. ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्या सिनियरही भेटतात, त्यांचं ऐकू नकोस. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, दाबून रक्त काढू नकोस, आणि लगेच कॅज्युअल्टीत कळव. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागली तर ती शक्यतो 2 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर उपयोग होत नाही. हेपेटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, ते मला कळव. झाले नसतील तर उद्याच इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना भेट आणि पहिला डोस घेऊन टाक.