खांदेरीचं दीपगृह पाहण्यासारखं आहे का, की किल्ला पाहून परत यावं?

तुम्ही विचारलंय, "खांदेरीचा किल्ला बघायचाच आहे, पण मध्ये इंग्रजांचं दीपगृह आहे. त्यात बघण्यासारखं काही आहे का, की तेवढा वेळ वाचवावा?" मी 'मध्ये' या शब्दापाशीच अडलो. दीपगृह किल्ल्याच्या मध्ये कुणी आणून ठेवलेलं नाही. ज्या कारणासाठी शिवाजी महाराजांना अलिबागजवळच्या थळसमोरचं हे बेट हवं होतं, त्याच कारणासाठी तिथे दिवा लागला. किल्ल्यांच्या नादातली माणसं हे मान्य करत नाहीत आणि माझा त्यांच्याशी वाद जुना आहे.

दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज नकाशावर बघा. बंदराच्या तोंडाशी येण्याआधी त्याला खांदेरीच्या नजरेतून जावं लागतं. १६७९च्या पावसाळ्याअखेरीस महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि तटबंदी सुरू झाली, तेव्हा मुंबईचे इंग्रज एवढे हादरले ते याचसाठी. बेट आमचं आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार चालून आलं, इंग्रजांची एक गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांच्या हाती लागली आणि इंग्रज कप्तान केग्विनचं 'रिव्हेंज' जहाज तेवढं टिकून राहिलं. पण नाकेबंदी फसली ती तोफांमुळे नाही. इंग्रजांची जहाजं खोल बुडाची आणि सगळी भिस्त वाऱ्यावर. मराठ्यांच्या होड्या उथळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की जहाज जागीच उभं राहायचं आणि होड्या रात्री खडपांच्या कडेकडेने दगड, चुना, दाणागोटा घेऊन बेटाला लागायच्या. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रज पुन्हा चालून आले, तेव्हाही हात हलवत परत गेले. पेशवाई बुडाल्यावर बेट त्यांच्याकडे गेलं आणि १८६७ मध्ये त्यांनी तिथे दीपगृह बांधलं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह त्यानंतरचं, १८७५चं. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला आधी खांदेरी दिसायचं, मग प्राँग्जच्या खडकापासून जपून आत शिरायचं.

आता दीपगृहाकडे वळू. बेटावर दोन टेकड्या आहेत आणि दीपगृह दक्षिणेच्या उंच टेकडीवर आहे. मनोरा अष्टकोनी, दगडी बांधणीचा, उंची २५ मीटर. "एवढंच?" असं लोक म्हणतात, कारण ते मनोऱ्याची उंची मोजतात. जहाजाला मोजायची असते ती समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची. हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि २.०८ने गुणा, म्हणजे क्षितिज किती सागरी मैलांवर आहे ते मिळतं. दिव्याचं क्षितिज आणि बघणाऱ्याच्या डोळ्याचं क्षितिज यांची बेरीज केली की दिवा किती लांबून दिसेल ते कळतं. समजा, दिवा सपाटीवर २५ मीटरवर आहे, तर ५ गुणिले २.०८ म्हणजे १०.४. तोच टेकडीमुळे ४९ मीटरवर गेला, तर ७ गुणिले २.०८ म्हणजे साधारण साडेचौदा. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच कक्षात, उभ्या माणसाचा डोळा १६ मीटरवर असेल, तर त्याचे आणखी सव्वाआठ. म्हणजे जवळजवळ तेवीस सागरी मैल. होडीतल्या तांडेलाचा डोळा पाण्यापासून एक मीटरवर, त्याला तोच दिवा साडेसोळा मैलांवरून दिसणार. अर्थात दिवा तेवढा प्रखर हवा आणि हवा स्वच्छ हवी. टेकडी नसती, तर तोच दिवा चार मैल कमी अंतरावरून दिसला असता. टेहळणीलाही तीच टेकडी लागते.

दिवा उघडझाप करतो, हा समज मात्र सोडा. फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा रात्रभर अखंड चालू असतो. त्याच्याभोवती काचेच्या लोलकांचं, फ्रेनेलच्या पद्धतीचं भिंग फिरतं. भिंगाचं एकेक तावदान प्रकाशाचा झोत एका दिशेला फेकतं आणि झोत तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला लखलख दिसते. किती तावदानं, त्यांच्यात किती अंतर आणि फेरा किती सेकंदांचा, यावरून त्या दीपगृहाची खूण ठरते, म्हणून खलाशाला शेजारशेजारची दोन दीपगृहं वेगळी ओळखता येतात. मोठ्या वर्गाची भिंगं काही टनांची असतात. जुन्या रचनेत ती पाऱ्याच्या गोल कुंडात तरंगत ठेवत, त्यामुळे एका बोटाने ढकललं तरी फिरत. गती द्यायला घड्याळासारखं यंत्र, त्याला दोरावर लोंबणारं वजन आणि ते वजन रात्रीतून पुन्हा पुन्हा वर ओढायचं काम. पाऱ्यावर मळी धरली की भिंग जड चालतं, फेरा लांबतो आणि खूण बिघडते. चुकीच्या खुणेचा दिवा विझलेल्या दिव्यापेक्षा घातक, कारण खलाशी त्याच्यावर विसंबतो.

म्हणून कुठल्याही दीपगृहात वर गेलात, तर काचेला आणि भिंगाला हात लावू नका. बोटाचा तेलकट ठसाही झोत मंदावतो, आणि पारा असेल तर त्याची वाफ विषारी असते. भरदुपारी गेलात, तर भिंगाच्या खोलीत पडदे ओढलेले दिसतील. ते लपवाछपवीसाठी नसतात. सूर्याचं ऊन भिंगातून उलटं आत एकवटलं, तर आतलं सामान जळतं. बरीच दीपगृहं पाहुण्यांना दुपारी उशिरा थोडा वेळच उघडी असतात, तिकीट किरकोळ असतं.

खांदेरीला जायचं तर थळहून कोळ्यांची होडी करावी लागते आणि तिथे घड्याळाऐवजी तिथी बघावी लागते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वादशी असेल, तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला भरती आणि तीनच्या सुमाराला ओहोटी. साडेसातला निघा, बारापर्यंत परत या. जाता-येता दोन्ही वेळा होडीखाली पाणी राहतं. सप्तमीला हाच बेत फसतो. भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी सव्वाअकराला, आणि परतताना होडी थळच्या उथळ पाण्यात रुतते. दुपारनंतर खारा वारा वाढतो, लाटा उठतात आणि धक्क्याला होडी टेकवणं अवघड होतं. जून ते ऑगस्ट नावच काढू नका.

बेटावर दीपगृहाचा पाया, लोखंडी चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचं देऊळ आणि दगड मारल्यावर धातूसारखा वाजणारा तो खडक, एवढं दोन-अडीच तासांत होतं. वेळ वाचवायचाच असेल, तर फोटोंतला वाचवा, दीपगृहातला नको.

आणि ज्यांना खरोखर दीपगृह बघायचंय त्यांनी एक रात्र थळ किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर काढावी. दीपगृह लांबून, अंधारात बघण्यासाठी बांधलेलं असतं. एका लखलखीपासून घड्याळ लावा आणि दहा फेऱ्यांचा वेळ मोजून दहाने भागा. एकाच फेऱ्यावर विसंबलात, तर चूक होते. लखलखी जोडीने येत असतील, तर जोडीच्या पहिलीपासून पुढच्या जोडीच्या पहिलीपर्यंत एक फेरा धरा. हवा दमट, धुरकट असेल तर झोताची काठी फिरताना स्पष्ट दिसते.

राहिलेल्या दोन गोष्टी. बेटावर उतरायला मिळणं आणि मनोऱ्यावर चढायला मिळणं वेगळं. दुसरं तिथल्या दीपगृहाच्या माणसांवर आणि परवानगीवर अवलंबून आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि वर सोडलं नाही तर हुज्जत घालू नका. २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांबरोबर खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेलंय, त्यामुळे नियम बदलू शकतात. होडी आणि परवानगी जमलीच नाही, तर रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जा. तिथलं दीपगृह रस्त्याने गाठता येतं आणि कोर्लई किल्ल्याची वाट त्याच्याच मागून वर चढते. तिथेही कुणी म्हणेल, दीपगृह मध्ये आलंय. त्याला वर न्या आणि कुंडलिका नदीच्या मुखाकडे बघायला सांगा.