क्रेडिट जमा आहेत, पण चालतील का?

प्रश्न : मुलगी सांगलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. दुसरं वर्ष पास झाली. मेजर (मुख्य विषय) फिजिक्स, मायनर (जोडविषय) इलेक्ट्रॉनिक्स. मिस्टरांची बदली पुण्याला झालीय, म्हणून तिसरं वर्ष तिकडेच करावं म्हणतोय. डिजिलॉकरमध्ये तिची ८८ क्रेडिट दिसतात. पुणे विद्यापीठात ती आपोआप धरतील ना? कॉलेजातून दाखला आत्ताच काढून ठेवू का?
— एक पालक, तासगाव

उत्तर : ताई, दाखल्याला तूर्त हात लावू नका. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसातच झाली. जून-जुलैत दाखला काढून गेलेली पोरं ऑगस्टमध्ये त्याच खिडकीशी परत आलेली मी पाहिलीत. तिकडचं कॉलेज प्रवेश देतो असं लेखी कळवेल, तेव्हाच अर्ज करा.

आता क्रेडिटचं. क्रेडिट म्हणजे पास झालेल्या विषयाचं तासांवर मोजलेलं वजन. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे ही क्रेडिट जमा ठेवायच्या ऑनलाइन खात्याचे, नियम काढले. मुलीचा १२ आकडी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक, त्याच खात्याला जोडलेला. पण हे पासबुक आहे, एवढंच समजा. नोंदी विद्यापीठ करतं, आपल्याला त्यात काही भरता येत नाही. आणि जमा क्रेडिट सात वर्षं टिकतात. ती धरायची की नाही, हे मात्र नवं विद्यापीठ दोन्हीकडचे अभ्यासक्रम ताडून ठरवतं. आपोआप काही होत नाही.

तुमच्या बाबतीत मेजरपेक्षा मायनर अडेल, असं मला वाटतं. फिजिक्स सगळीकडे असतं, इलेक्ट्रॉनिक्स मायनर त्या कॉलेजात नसेल तर? ही चौकशी आधी करा. आणि सांगलीतून निघण्यापूर्वी चारही सेमिस्टरचा अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का मारून घ्या. त्यात युनिट आणि तास दोन्ही दिसले पाहिजेत. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरतात, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. पडताळणी त्यावरच होते. प्रॅक्टिकलची सर्टिफाईड जर्नल्स रद्दीत घालू नका. परीक्षा संपली की पोरी पहिली तीच देतात.

नावही बघून घ्या. मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधे वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. अशाने क्रेडिट खात्यात दिसतच नाहीत. तुमच्या मुलीची दिसतात, म्हणजे तो घोर सुटला.

पण खरी मेख पुढेच आहे, आणि पालकांना ती कोणी सांगत नाही. पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली, तर तिची ८८ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आणि पुण्याची होणार जेमतेम ४४. हे गणित जमत नाही. चार वर्षांची ऑनर्स १७६ ची केली, तर ८८ आणि ८८, अगदी काठावर. म्हणून प्रवेशाच्या आधीच तिथल्या पात्रता विभागाला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरच्या माणसाच्या 'होईल हो'वर जाऊ नका. मीही तसं म्हणायचो.

माझं मत विचाराल तर मुलीला एक वर्ष इथंच ठेवा. हॉस्टेल बघा नाहीतर सांगलीत मावशी-आत्या कोणी असेल ती बघा. पदवी शिवाजी विद्यापीठाची घ्या आणि एम.एस्सी.ला पुणे गाठा. तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलायचा दाखला) लागेल, पण क्रेडिट जुळवायची कटकट राहणार नाही.

प्रश्न : मी साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पहिल्या वर्षाला आहे. घर कराडला. दुसऱ्या वर्षी कराडच्या कॉलेजात गेलो तर नुसतं कॉलेज बदललं असंच धरतील ना?
— विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही रे बाबा. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाचा खरा, पण तुझं कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहे. कराडचं शिवाजी विद्यापीठाला संलग्न असेल, तर जिल्हा तोच राहून विद्यापीठ बदललं. वर ताईंना सांगितलेले कागद तुलाही लागतील. तुझं एकच वर्ष झालंय, त्यामुळे निम्म्याची अडचण तुला नाही. मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडलेला विषय) तेवढे ताडून घे, आणि सुट्टी लागण्याआधी शिक्के मारून घे. सुट्टीत सहीला विभागप्रमुख सापडत नाहीत.