बुडालेल्या गावाचे प्रदर्शन आणि न जुळणाऱ्या आठवणी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मूळ घर गोव्यातील साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांपैकी एका गावात होते. गावाचे नाव छापू नये, ही विनंती. मी सांगे तालुक्यात चित्रकला शिकवते. पाऊस सरल्यावर आमच्या पुनर्वसन वसाहतीच्या सभागृहात एक प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. त्यात वृद्धांच्या आठवणी, घराघरांतील वस्तू, मुलांची चित्रे आणि चार तरुण चित्रकारांनी ग्रामस्थांसोबत केलेले काम एकत्र मांडायचे आहे. परंतु तयारीच्या बैठकांतच मतभेद सुरू झाले. गावाचा नकाशा काढायला बसलो, तर दोन वाड्यांचे एकाही पायवाटेवर एकमत होईना. एका आजोबांच्या मते जत्रा साऱ्या गावाची होती, तर दुसऱ्या घरातील आजी म्हणाल्या की त्यांच्या माणसांनी पालखी पाहिली ती नेहमी बाहेर उभे राहूनच. चित्रकार म्हणतात, एकच कथा ठरवा, नाहीतर पाहणारा गोंधळेल. फलक कोकणीत लावावेत की मराठीत आणि कलाकृतीखाली नाव कोणाचे घालावे, यावरूनही कुरबूर आहे. मार्ग सुचवावा.

उत्तर : प्रथम नकाशाविषयी. एकमत होण्याची वाट पाहू नये आणि हात वर करून पायवाट तर मुळीच ठरवू नये. जुन्या भूमापन आराखड्यावरून नदीचे पात्र, देवळाची जागा आणि मुख्य रस्ता एवढेच पक्के घ्यावे आणि त्याच्या प्रती पारदर्शक कागदावर काढून प्रत्येक वाडीला स्वतंत्र द्याव्यात. जो तो आपली विहीर, आपली कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), आपली नदीवर जायची वाट काढील. मग हे कागद एकावर एक टांगावेत. जिथे रेघा जुळतात तिथे गाव सगळ्यांचे होते आणि जिथे त्या फाकतात तिथे कोणाचे पाऊल कुठवर जात असे, हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता कळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले होते की माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्म, व्यवसाय अशा ज्या समूहात तो वावरतो त्याच्या चौकटीतच त्याची आठवण आकार घेते. दोन वाड्यांना दोन गावे आठवतात, ती यामुळेच.

जत्रेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि त्यावर आमचे मत स्पष्ट आहे. आजोबांचे आणि आजींचे दोन्ही कथन शेजारी शेजारी, सारख्याच आकारात लावावे. संयोजकांनी खाली समेटाचे वाक्य लिहू नये. बुडालेल्या गावाविषयी बोलताना सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असे म्हणण्याचा मोह फार मोठा असतो, कारण पाणी येण्याआधीचे सारेच नंतर गोड वाटू लागते. आजींनी जे सांगितले ते वगळले, तर त्यांना दुसऱ्यांदा बाहेर उभे केल्यासारखे होईल. मात्र छापण्याआधी त्यांचा मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि नाव घालायचे की नाही, हे त्यांच्यावर सोडावे. लहान वसाहतीत उद्याही त्याच शेजाऱ्यांत राहायचे असते, हे चित्रकारांना कदाचित जाणवणार नाही. आपल्याला ते ठाऊक आहे.

याच जलाशयातील कुर्डी गावाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर असेलच. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या गावाचे अवशेष वर येतात आणि मे महिन्यात जुने रहिवासी देवळापाशी व कपेलापाशी (लहान ख्रिस्ती प्रार्थनागृहापाशी) जमून आपापले उत्सव साजरे करतात. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. देऊळ असे हलवता येते. देवळाभोवतीच्या मानपानाची नोंद मात्र कोणी ठेवली नाही, आणि आपले प्रदर्शन नेमके तेच काम करू शकते. कुर्डीचे नाव निघाले की गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे नाव निघते, आणि ते निघायलाच हवे. पण थोर व्यक्तीच्या एका मोठ्या छायाचित्राने गावातील बाकी सगळी माणसे झाकली जातात, असे अनेक प्रदर्शनांत दिसते. अभिमान सांगायचाच असेल, तर मंदिरांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांची सेवा, त्यांचे शिक्षण आणि त्यांना सोसावी लागलेली अवहेलना यांचाही उल्लेख करावा. आपल्या गावातही असे एखादे गाजलेले नाव असेल, तर त्याला एक कोपरा पुरे.

कथा एकच ठरवावी, हा चित्रकारांचा आग्रह आम्हाला पटत नाही. तरी गोंधळाची त्यांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय मांडणीत शोधावा. अमेरिकेत एड्सने दगावलेल्यांच्या आप्तेष्टांनी १९८७ पासून जी प्रचंड स्मृतिगोधडी शिवत आणली, तिच्यातील प्रत्येक तुकड्याचे माप ठरलेले आहे, ३ फूट बाय ६ फूट. आत काय शिवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी सदरा शिवला, कोणी पत्र, कोणी नुसते नाव. हजारो हातांचे काम असूनही ते विस्कळीत दिसत नाही, याचे श्रेय त्या मापाला आहे. आपणही प्रत्येक कुटुंबाला एकाच मापाची फळी द्यावी. तिच्यावर रोवळी ठेवावी, गावच्या नाटकाची हस्तपत्रिका चिकटवावी, भजनाची वही उघडी ठेवावी किंवा काहीच न ठेवता ती कोरी सोडावी. घर सोडताना ज्यांच्या हाती काहीच लागले नाही, त्यांची कोरी फळीही बोलेल. चित्रकारांनी फळी सजवून देऊ नये. त्यांचे कौशल्य प्रकाशयोजनेत, पाहणाऱ्याच्या चालीचा मार्ग आखण्यात आणि मुलांसोबत करायच्या एखाद्या मोठ्या भित्तिचित्रात लावावे. चुना आणि तांबडी काव यांची कावी चित्रे गोव्यातील काही जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून आहेत. ओल्या चुन्यावर कावेचा थर देऊन तो कोरत जाण्याची ती पद्धत अनेक हातांना एकाच वेळी कामाला लावते, आणि मुलांना ती ब्रशापेक्षा लवकर जमते.

भाषेच्या बाबतीत नियम सोपा ठेवावा : जी गोष्ट ज्या भाषेत सांगितली गेली, ती त्याच भाषेत लावावी. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव राहिला. कोकणी की मराठी या त्या वेळच्या आंदोलनात दुखावलेली मने दोन्ही बाजूंना आहेत, आणि तो वाद सभागृहाच्या भिंतीवर पुन्हा खेळण्याची गरज नाही. आजीने कोकणीत सांगितले असेल तर ते कोकणीत राहावे. जत्रेचे आमंत्रण, नाटकाचा पडदा, वडिलांचे पत्र मराठीत असेल तर ते मराठीत राहावे. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरातील रोमी लिपीतील प्रार्थनेची वही आहे तशीच ठेवावी. खाली दुसऱ्या भाषेत लहान अक्षरांत सारांश द्यावा. एकाच घरात देवापुढे मराठी आरती आणि चुलीपुढे कोकणी, हे गोव्यात कोणाला नवे नाही, आणि भिंतीवर ते तसेच दिसले तर बिघडत नाही.

राहिला नावाचा प्रश्न. तो काम सुरू होण्याआधी कागदावर मिटवावा. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तिला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा संयुक्त कृती मानतो. आपले नाव लागावे आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊ नये, हे सांगण्याचा निर्मात्याचा हक्कही त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. म्हणून भित्तिचित्राखाली चित्रकार आणि मुले या सर्वांची नावे अकारविल्हे लावावीत. फळीखाली केवळ त्या कुटुंबाचे नाव असावे. प्रदर्शन उद्या पणजीला मागवले गेले, तर कोणती वस्तू जाईल आणि कोणती जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. कलादालनाच्या निमंत्रणाने भारावून गेलेल्या संयोजकाला त्या वेळी हे सुचत नाही.

प्रश्न : आमचे कुलदैवत तिसवाडी तालुक्यापलीकडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आले, असे वडील सांगत. ते आम्ही पाहिलेले नाही. अशा चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला स्मृतिप्रदर्शनात जागा द्यावी का? (फोंडा)

उत्तर : अवश्य द्यावी, पण तिचे स्वरूप निराळे आहे, हे पाहणाऱ्याला कळू द्यावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या छळामुळे केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, हा इतिहास आहे. त्यासाठी एक फलक पुरेल. आपल्या घरात ती गोष्ट कोण कोणाला सांगत असे, कोणत्या सणाला सांगत असे, मूळ गावी कोणी कधी जाऊन आले का आणि गेल्यावर तिथे काय केले, ही आपली स्वतःची स्मृती आहे, आणि प्रदर्शनात मांडायची ती हीच.

प्रश्न : लोकांकडून जुनी छायाचित्रे घेताना कोणती काळजी घ्यावी? (डिचोली)

उत्तर : मूळ छायाचित्र शक्यतो घराबाहेर नेऊच नये. स्कॅनर घेऊन त्यांच्या घरी जावे, प्रत काढावी आणि मूळ चित्र त्यांच्या समोर परत ठेवावे. भिंतीवर प्रतच लावावी. लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये. गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि चित्र ओरखडते. मागे नावे लिहायचीच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावीत. आपल्याकडच्या पावसात बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या चित्रांना बुरशी लवकर धरते, म्हणून ती आम्लरहित कागदात गुंडाळून हवा खेळेल अशा कपाटात ठेवावीत, हे घरच्यांनाही सांगावे. चित्रातील माणसे कोण, हे विचारताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्ती समोर असावी आणि ध्वनिमुद्रण आधी परवानगी घेऊनच सुरू करावे. नावांपेक्षा अधिक माहिती बहुधा नावे आठवण्याच्या खटपटीत बाहेर पडते.