सीझर होऊन तिसरा दिवस, दूध पुरत नाही. डब्याची पावडर सुरू करावी का?

तुमची लेक जळगावला दवाखान्यात आहे, बाळ रडतं म्हणून डबा लिहून दिलाय आणि विहीणबाईही तेच म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी डॉक्टरांना विचारा, "जन्मापासून बाळाचं वजन किती उतरलं? त्याच्या रक्तातली साखर ठीक आहे ना?" दोन्ही ठीक असेल तर ताई, डबा फोडू नका.

मी अमळनेर तालुक्यात उपकेंद्रावर सिस्टर होते. "दूध येस नही व माय" हे मी किती खाटांपाशी ऐकलंय! दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात, सीझरनंतर कधी थोडे जास्त. तोवर येतो तो पिवळसर चीक. असतो चमचा-दोन चमचे, पण नवजात बाळाचं पोटही एवढंसंच असतं. काही घरांत तो अजून पिळून टाकतात, तेवढं होऊ देऊ नका. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. डब्यानं पोट भरलं की बाळ झोपतं, ओढत नाही, दूध आणखी आटतं. मग सगळे म्हणतात, हिला दूधच नव्हतं.

पारोळ्याकडच्या एका घरी पाच महिन्यांचं बाळ जुलाबानं सुकून गेलेलं पाहिलं. बाटलीच्या बुचाला आंबूस वास. डबा महिनाभर पुरावा म्हणून आई तीन चमचे पावडर लागेल एवढ्या पाण्यात एकच चमचा टाकायची, पाणी माठातलं. दूध पांढरं दिसत होतं, एवढंच. त्या आईवर मला कधीच राग आला नाही. दवाखान्यातून निघताना तिच्या हातात डबा देणाऱ्यांवर मात्र आजही येतो.

हे जुनंच आहे. १९७० च्या दशकात गरीब देशांत कंपन्या नर्ससारखे पांढरे कपडे घातलेल्या बायका प्रसूतिगृहांत पाठवून पावडर खपवत. त्यावरूनच १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये डब्याचं दूध कसं खपवावं यावर जागतिक आरोग्य संघटनेची संहिता आली. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू, सगळ्याला बंदी. डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही.

आता लेकीसाठी. बाळाला उघड्या अंगानं तिच्या छातीशी ठेवा. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजू दे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. बाळ ओढत नसेल तर दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं पाजा, बाटली नको. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, साखर कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर जरूर द्या. त्यात लेकीचा काही दोष नाही. अंगावर पाजणंही सोबत चालू ठेवा.

पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा वेळा लघवी झाली तर बाळाला दूध पुरतंय. आपल्याकडच्या उन्हात "घसा सुकेल" म्हणून कोणीतरी पाणी पाजायला येईलच. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, मध-घुटीही नको. विहीणबाईंना हे तुम्हीच सांगा, लेकीला सांगायला लावू नका. ओली बाळंतीण आहे ती.