साडेनऊ लाखांचं कोटेशन, चार लाखांची एफडी आणि डोंबिवलीतलं तीस वर्षांचं घर

ताई, तुमचं पत्र, कोटेशन आणि भिंतींचे फोटो सगळं नीट बघितलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. डोंबिवलीत १९९६ सालच्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके, घरात तुम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७६ वर्षांचे सासरे. दोघांचे मिळून हातात ९२ हजार येतात, घरखर्च, विमा, १० हजारांची एसआयपी सगळं जाऊन महिन्याला १४ हजार उरतात. एक-एक लाखाच्या चार एफडी, मिस्टरांचं २०१४ मध्ये उघडलेलं पीपीएफ, त्यात सात लाखांच्या आसपास, आणि कर्ज एक रुपयाचं नाही, जे आजकाल फारच कमी घरांत दिसतं. दीड दिवसाचा गणपती असतो, तीस-चाळीस माणसं घरी येतात आणि पोपडे निघालेल्या भिंती बघून तुम्हाला लाज वाटते, म्हणून यंदा १४ सप्टेंबरच्या आत अख्खं घर नवं करायचंय. इंटिरियरवाल्याने ९ लाख ४० हजार सांगितलेत. तुमचा विचार असा की चारही एफडी मोडायच्या आणि ६ लाखांचं पर्सनल लोन घ्यायचं, कारण बँकेचा प्री-अप्रूव्ह्डचा मेसेज आलेलाच आहे.

आधी लोनचं बघू. १३ टक्के दराने ५ वर्षांसाठी ६ लाख घेतले तर ईएमआय बसतो १३,६५० च्या आसपास. म्हणजे तुमचे जे १४ हजार उरतात त्यातले साडेतीनशे रुपये हातात राहणार, आणि हे पुढची पाच वर्षं, ज्यात मुलाची अकरावी-बारावी, क्लास आणि कॉलेजचं ॲडमिशन सगळं येतंय. एकूण व्याज जातं साधारण २ लाख १९ हजार. तुमच्याच कोटेशनमध्ये टीव्ही युनिट १ लाख ४० आणि पूर्ण घराचा रंग ८० हजार आहे, म्हणजे टीव्ही युनिट आणि रंग दोन्ही परत एकदा करून होतील एवढे पैसे नुसते व्याजात चालले. आणि तेव्हा एफडी शून्य असणार. मिस्टरांची नोकरी प्रायव्हेट, सासऱ्यांना मेडिक्लेम नाही असं तुम्हीच लिहिलंय. (त्यांचं सत्तरीपुढच्या लोकांचं आयुष्मान कार्ड काढलंय का? ते ७० च्या पुढे सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं कव्हर, यादीतल्या हॉस्पिटलांत चालतं. रंगाची शेड ठरवायच्या आधी हे करा.)

आणि एवढं करूनही पैसे पुरत नाहीयेत. कोटेशनच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जीएसटी एक्स्ट्रा. इंटिरियरच्या अशा कामावर १८ टक्के लागतो, म्हणजे वर १ लाख ६९ हजार २००, एकूण ११ लाख ९ हजार. तुमच्या हिशोबात १० लाखच आहेत. तो म्हणेल बिल नको असेल तर जीएसटी सोडतो, त्याला बिलकुल हो म्हणू नका, उद्या ट्रॉली अडकली किंवा लॅमिनेट सुटलं तर हातात कागद नसेल. ओळखीचा एकटा सुतार किंवा रंगारी असेल आणि त्याचं वर्षाचं काम २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही, ते वेगळं, त्यात लपवाछपवी नाही.

आता मला खरं जे बोलायचंय ते हे की तुम्ही मला विचारताय पैसे कुठून काढू, एफडीतून की पीपीएफमधून की लोनमधून, आणि माझा प्रश्न आहे की हे पैसे नक्की कशाकशाला चाललेत. या एका कोटेशनमध्ये तीन वेगळी कामं एकत्र कालवलीत: जी केलीच पाहिजेत अशी दुरुस्ती, रोजच्या वापराच्या सोयी, आणि पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टी. आकडेच बघा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स ६० हजार. फॉल्स सीलिंग आणि टीव्ही युनिट मिळून २ लाख ५५ हजार. मॉड्युलर किचन २ लाख ९०, मास्टर बेडरूमचं वॉर्डरोब-बेड १ लाख ८५, दुसऱ्या बेडरूमचं ७० हजार. आणि तीस वर्षांच्या वायरिंगला शून्य! मी सगळी पानं उलटीसुलटी बघितली, वायरिंग कुठेच नाही. मीटरजवळच्या बोर्डचा जो फोटो तुम्ही पाठवलाय त्यात अजून जुने पोर्सिलेनचे फ्यूज दिसतायत, आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) नाही, आणि त्याच लाइनवर आता एसी, गीझर, मायक्रोवेव्ह चालतंय. सीलिंगमध्ये चोवीस लाइट लावायचे तेही याच वायरीवर. सासरे बाथरूममध्ये एकदा घसरलेत हेही तुम्ही लिहिलंय, पण भिंतीला धरायला दांडा कोटेशनमध्ये नाही, जो काही हजारांत बसतो.

दुसरी गोष्ट ती खिडकीकडची भिंत. फोटोत सिलच्या खालून पोपडे सुरू होतात आणि कोपऱ्यात खाली स्कर्टिंगपर्यंत काळपट होत जातात, आणि बरोब्बर त्याच भिंतीवर त्याने टीव्हीचं पॅनेलिंग दाखवलंय. छान दिसेल, एक पावसाळा. मग मागे प्लाय फुगणार, वास येणार आणि दीड लाखाचं काम उचकटून काढावं लागणार. ही ओल पहिल्या पावसानंतर वाढते आणि दिवाळीपर्यंत सुकते का, की बाराही महिने ओलसरच असते, एवढं आठवून बघा. पावसाबरोबर येत-जात असेल तर ती बाहेरच्या भिंतीतून येतेय, आणि हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीची नियमावली) पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरची कॉमन पाइपलाइन, ड्रेनेज ही सोसायटीची जबाबदारी असते, खर्च सोसायटीचा. तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमधून आतून होणारं लिकेज मात्र तुमचं तुम्ही करायचं. म्हणजे आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या, आत्ता फेब्रुवारीत, कारण मे संपला की बाहेरून परांची बांधून काम करायला कोणी येत नाही.

आणि सोसायटीत जाल तेव्हा दुसरंही विचारून या. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की रिडेव्हलपमेंटची चर्चा दोन वर्षं चालू आहे पण आमच्या हयातीत काही होत नाही. ताई, पैशाच्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे. बिल्डिंगला यंदा ३० वर्षं होतायत, त्यानंतर उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. शेवटचं ऑडिट कधी झालं, रिपोर्टमध्ये काय आलं, ७९-अ ची (सहकार कायद्यातलं कलम, रिडेव्हलपमेंट त्याच्या नियमांप्रमाणे होतं) प्रक्रिया सुरू करायचा ठराव जनरल बॉडीत आलाय का, हे सभासद म्हणून तुम्ही विचारू शकता. कारण बिल्डर जो एक्स्ट्रा एरिया देतो तो तुमच्या आताच्या कार्पेट एरियावर देतो, कॉर्पस (सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडंही तसंच ठरतं, तुमच्या किचनमध्ये ॲक्रेलिकचे शटर आहेत की जुना कडाप्पा याचा त्यात एक पैसा धरत नाहीत. बरं, रिडेव्हलपमेंटच्या आशेवर वर्षानुवर्षं पोपडे निघालेल्या घरात बसलेली माणसंही मी बघते, तेही मला पटत नाही. म्हणून मधला हिशोब करू, हे घर अजून पाच वर्षं आहे असं धरू. मॉड्युलर किचन जीएसटीसकट ३ लाख ४२ हजार, भागिले ६० महिने, म्हणजे महिना ५,७०० रुपये नुसतं किचनचं भाडं. पटतंय का बघा. मला नाही पटत. ओटा तोच ठेवा, खाली स्टीलच्या ट्रॉल्या बसवून घ्या, शटर नवे करा. स्थानिक फॅब्रिकेटरकडून लाखाच्या आत-बाहेर होईल असं धरते, दोन-तीन ठिकाणी भाव काढा, आणि घर सोडायची वेळ आली तर ट्रॉल्या खोलून नेता येतात. सिंकखाली प्लाय वापरणार असाल तर कोटेशनमध्ये नुसतं ‘प्लाय १८ एमएम’ चालणार नाही, बीडब्ल्यूपी, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा दर्जा) असं लिहून घ्या, नाहीतर कमर्शियल प्लाय लावून जातात आणि दोन वर्षांत तो पाव भिजल्यासारखा होतो.

वॉर्डरोब, बेड, मुलाचं टेबल हे भिंतीत ठोकून करू नका, सुटं घ्या. सीलिंग आणि पॅनेलिंग पूर्ण कॅन्सल. मला माहितीये गणपतीत मखर कुठे शोभेल ते सगळं त्या सीलिंगवर अवलंबून ठरवलंय तुम्ही, पण हॉलची छान पुट्टी मारून रंग आणि चार बरे लाइट एवढ्यानेच निम्मा फरक पडतो, आरतीला आलेली माणसं वर बघत नाहीत.

तर माझा आकडा असा. बाथरूम दांड्यासकट ७० हजार, वायरिंग, एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारे स्विच), आरसीसीबी ५० हजार (हा अंदाज, इलेक्ट्रिशियनला घरी बोलवून पक्का करा), किचन १ लाख, हॉल आणि किचनचा रंग थेट रंगाऱ्याकडून ४५ हजार, मुलाचं टेबल १५ हजार. झाले २ लाख ८० हजार. पैसे कुठून, तर एप्रिलमध्ये मॅच्युअर होणारी एकच एफडी, १ लाख. मिस्टरांना मार्चअखेर मिळणारा ७० हजारांचा बोनस. आणि आत्तापासून सप्टेंबरपर्यंत आठ महिने उरणारे १४ हजार, म्हणजे १ लाख १२ हजार. बसतंय, दोन हजार वरच राहतात. तीन एफडी तशाच राहतात, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा खर्च हाताशी, आणि एसआयपीला हात लागत नाही. बेडरूमचं वॉर्डरोब-बेड पुढच्या वर्षीच्या बोनसवर ढकला.

पीपीएफचं तुम्ही विचारलंय म्हणून, आकड्यांपुरतं बोलायचं तर १३ टक्क्यांच्या लोनपेक्षा ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमधून काढणं स्वस्त पडतं हे बरोबर आहे. अकाउंटला पुरेशी वर्षं झालीत, वर्षातून एकदा काढता येतं. पण सात लाखांचे निम्मे मिळतील असं धरू नका, चार वर्षांपूर्वीची शिल्लक आणि गेल्या वर्षीची शिल्लक यातली जी कमी असेल तिच्या निम्मेच मिळतात. वायरिंग उघडल्यावर काही भलतंच निघालं तर त्यासाठी हा दरवाजा ठेवा, सोफ्यासाठी नको. होम रिनोव्हेशन लोनचं तुमच्या भावाने सुचवलंय, दर कमी असतो खरा, पण फ्लॅट गहाण पडतो आणि उद्या रिडेव्हलपमेंट आलं की बँकेच्या एनओसीमागे फिरावं लागतं. आणि टॅक्स वाचेल हे जे तो म्हणतोय ते राहत्या घराच्या दुरुस्तीच्या व्याजावर वर्षाला फक्त ३० हजारांपर्यंत, तेही जुन्या टॅक्स रिजीममध्ये. तुम्ही दोघंही नव्या रिजीममध्ये आहात, तुम्हाला शून्य.

क्रम चुकवू नका. मुलाचे पेपर मार्चमध्ये संपू देत, तोपर्यंत घरात हातोडा नको. मग वायरिंग, कारण त्यासाठी भिंती फोडायला लागतात, मग बाथरूम, मेमध्ये रंग, ट्रॉल्या जुलै-ऑगस्टमध्ये जसे पैसे साठतील तशा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. ॲडव्हान्स ५० टक्के मागतील, देऊ नका, थोडी रक्कम देऊन बाकी काम पुढे सरकेल तशी, आणि शेवटचे १० टक्के सगळं चालवून बघितल्यावर.

हॉलसाठी जी फिकट पिस्ता शेड काढलीय ती लावा की, फक्त ती खिडकीकडची भिंत सोसायटीने बाहेरून दुरुस्त केली तरी एक पावसाळा तशीच ठेवा आणि दिवाळीच्या सुमारास रंगवा, गणपतीला तिच्यापुढे पडदा सोडून द्या. इलेक्ट्रिशियनचा आकडा आणि सेक्रेटरींचं उत्तर आलं की कळवा, ५० हजारांच्या फार पुढे गेला तर किचनमधून किती कापायचं ते बघू.