हिप हॉपचे कोणते व्हिडिओ डोक्यातून जात नाहीत, आणि त्यामागची गाणी कोणती?

भावा, माझा पहिला नंबर फार्साइड या अमेरिकन रॅप ग्रुपच्या ‘ड्रॉप’चा. गाणं 1995च्या अल्बममधलं, बीट जे डिलाचा. दिग्दर्शक स्पाइक जोन्झने अख्खा व्हिडिओ उलटा शूट केला. पोरांनी गाण्याचे शब्द मागून पुढे पाठ केले, त्यासाठी भाषातज्ज्ञाची मदत घेतली आणि चालले पण उलटेच. मग फिल्म उलटी फिरवली. ओठ गाण्याशी जुळतात, पण चाल भुतासारखी! कॉलेजात असताना आम्ही हाच प्रयोग रंकाळ्यावर मोबाईलवर केला होता. शब्द काही जमले नाहीत, भेळवाल्याची करमणूक मात्र झाली.

दुसरा मिसी एलियटचा ‘द रेन’, 1997. दिग्दर्शक हाइप विल्यम्सची फिशआय (चित्र गोल फुगवून दाखवणारी) लेन्स आणि तिचा तो फुगवलेला काळा सूट. बीट टिंबालँडचा, पण ‘पाऊस सोसवत नाही’ म्हणणारा आवाज अ‍ॅन पीबल्सच्या 1973च्या गाण्यातून उचललाय. जुलैत कोल्हापुरात बसून ऐकायचं म्हणजे नाद खुळा.

चाइल्डिश गॅम्बिनोचं ‘धिस इज अमेरिका’ (2018) सगळ्यांना माहीतच आहे. फक्त पुढच्या नाचाकडे न बघता मागे काय चाललंय ते बघा.

आपल्याकडचं म्हणशील तर नेझीचं ‘आफत’. कुर्ल्याच्या पोराने आयपॅडवर केलेलं काम. महागडा कॅमेरा नाही म्हणून अडून बसलेल्या आपल्या पेठेतल्या रॅपर मंडळींना मी तेच दाखवतो.